ताकदीची सलाईन

मी सोलापुरात एका खाजगी हॉस्पिटलमध्ये डायटिशियन आहे, लोकांच्या भाषेत "डायट लिहून देणाऱ्या मॅडम". शुगर, बीपी, किडनी, बाळंतिणी हे रोजचं, पण आता वजनाचं ऑपरेशन केलेले पेशंटपण बरेच येतात. ऑपरेशन मोठ्या शहरात जाऊन करतात, पहिल्या एकदोन फॉलोअपला जातात, नंतर एवढ्या लांब कोण जातंय, मग काही खाल्लेलं बाधलं की इथे आमच्याकडे.

ही केस गड्ड्यातली, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या यात्रेतली. होम मैदानाकडचे रस्ते बंद, ओपीडी निम्मी रिकामी. दुपारी एक बाई नवऱ्याच्या खांद्याला धरून आत आल्या, वय असेल अडतीस-चाळीस, मागे सासूबाई. दीर बाराबंदीतच (यात्रेचा पांढरा पोशाख) दारात उभा, मिरवणुकीतून तसाच गाडी घेऊन आलेला. खरं तर त्यांना माझ्याकडे यायचंच नव्हतं, सलाईन लावायला आले होते, कॅज्युअल्टीत बेड रिकामा होईपर्यंत सिस्टरने माझ्याकडे पाठवून दिलं. नवरा म्हणाला, "मॅडम, काय खायचं तेवढं लिहून द्या, अशक्तपणा लई आलाय, ताकदीची सलाईन लावून घेऊन जातो. घराजवळच्या डॉक्टरनी परवापण एक लावली, पण फरक पडंना."

फाईल बघितली. दसऱ्यानंतर गॅस्ट्रिक बायपास झालेलं, शुगर इन्सुलिनवरही आवरत नव्हती म्हणून. यात जठराच्या वरच्या टोकाला ३० मिलीच्या आसपास मावेल एवढीच पिशवी ठेवतात आणि तिला लहान आतडं थेट जोडतात. वजन भराभर उतरलेलं, आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) भेटेल तो बाईंना "काय मस्त बारीक झालीस गं" म्हणत होता, त्यामुळे उलट्यांकडे घरात कुणी फार मनावर घेऊन बघितलंच नाही. ऑपरेशन म्हटल्यावर एवढं चालायचंच, असं सगळ्यांचं.

मी विचारलं, नेमकं काय सोसत नाही? नवरा म्हणाला, "कायच नाही." बाई गप्प. मग सासूबाई बोलायला लागल्या, आणि त्या बाईची स्मरणशक्ती म्हणजे! तारखा एक नाही, सगळं सणवारावर. "दिवाळीत अर्धा लाडू खाल्ला न खाल्ला, घाम फुटला, छातीत धडधड, पळतच गेली संडासला. दूध दिलं की पोट फुगायचं. तेवढं सोडलं तर कार्तिकीला मऊ भात, मुगाची खिचडी बरोबर खायची बघा. चंपाषष्ठीला भरीत-भाकरी दिली ती अडकली छातीत, तेव्हापासून भाकरी बंद. मग भात बंद. येळवसला (वेळ अमावस्येला) शेतात सगळे भज्जी (मिसळीची भाजी) खाऊलालेत आणि ही बांधावर उलट्या करूलालीय, नुसती आंबील ठरली. आता संक्रांतीपासून आंबील पण ठरंना."

मी हे सगळं एकाखाली एक लिहून काढलं आणि तिथेच मला खटकलं.

आता हे जरा सविस्तर सांगते कारण बायपासवाल्या प्रत्येक घरात हा गोंधळ असतो. न सोसणं हे निवडक असतं. लाडवाने झालं ते डम्पिंग, साखर जठरात न थांबता एकदम आतड्यात उतरते, आतडं पाणी ओढून घेतं, खाल्ल्यावर दहा ते तीस मिनिटांत घाम, धडधड, जुलाब. काहींना एक ते तीन तासांनी शुगर खाली येऊन चक्कर येते, ते वेगळं. दुधाने झालं ते दुधातल्या साखरेमुळे, ते बऱ्याच जणांना ऑपरेशननंतर नव्याने सुरू होतं, पण त्याच माणसाला दही-ताक चालून जातं. म्हणजे गोड बाधेल पण खारं चालेल, दूध बाधेल पण ताक चालेल, याला मी न सोसणं म्हणेन. इथे तसं नव्हतंच. भाकरी, मग भात, मग खिचडी, मग आंबील, घट्टापासून पातळाकडे एकेक करून ओळीने सगळं बंद पडत आलेलं. उलटी कशी होते विचारलं तर म्हणाल्या, खाल्लेलं तसंच येतं, आंबट नाही कडू नाही, आणि पांढरा फेस. हे बाधणं नाही, हे पुढे जायला वाट नसणं आहे. बायपासमध्ये जोड दिलेली जागा पहिल्या काही आठवड्यांत, दोनतीन महिन्यांत कधी कधी आवळते, ते डोक्यात आलं.

पण ते दुर्बिणीतून बघता आलं असतं, दोन दिवस उशीर झाला असता तरी चाललं असतं. खरी भीती पुढेच होती.

मग आता खाता काय? लिंबूसाखर पाणी, ग्लुकोजचं पाणी, साबुदाण्याची पेज. बास. आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या? "त्याच्या वासानेच मळमळतं म्हणून बंद केल्या."

माझ्या टेबलावर मापाच्या स्टीलच्या वाट्या असतात, किती खायचं ते दाखवायला. सवयीने एक पुढे धरली, म्हटलं सध्या एका वेळी किती जातं, ही अर्धी तरी जाते का. त्यांनी वाटी घ्यायला हात पुढे केला तो वाटीच्या शेजारी, चार बोटं लांब, हवेत. मग एक डोळा मिटला आणि बरोबर वाटी धरली. मी विचारलं, "दोन दिसतात का?" त्या म्हणाल्या, "हो, चारपाच दिवस झाले. चष्म्याचा नंबर वाढला असेल." उठून चार पावलं चालायला सांगितलं तर पाय फाकवून, टेबलाची कड धरून. तळपाय बधीर. आणि आज वार कोणता विचारलं तर नवऱ्याकडे बघायला लागल्या.

मी फाईल हातात घेऊन सरळ कॅज्युअल्टीत गेले. सिस्टरने बेड लावून ठेवलेला, स्टँडला डीएनएसची बाटली लटकवलेली, म्हणजे ग्लुकोजवालीच. औषध लिहिणं माझं काम नाही, पण ग्लुकोज लावू नका, आधी सरांना बघू दे, एवढं म्हणायला डिग्री लागत नाही. आमचे फिजिशियन राउंड सोडून आले, डोळे तपासले, बाजूला बघायला लावलं की बुबुळं थरथरत होती. त्यांनी रिपोर्टची वाट बघितली नाही, थायमिन, म्हणजे व्हिटॅमिन बी वन, आधी शिरेतून जोरदार डोसमध्ये, ग्लुकोज त्याच्यानंतर. सोबत पोटॅशियम आणि मॅग्नेशियमला रक्त पाठवलं, दोन्ही कमी आले.

नवऱ्याला पटेना. "ग्लुकोजनेच ताकद येती ना?" बिचारा चुकीचं बोलत नव्हता, आपल्याकडे सगळ्यांनाच तसं वाटतं. पण ग्लुकोज जाळायला बी वन लागतं, आणि शरीरात त्याचा साठा असतो जेमतेम दोनतीन आठवड्यांचा. महिनाभर उलट्या, गोळ्या बंद, पोटात जातंय ते सगळं साखर आणि साबुदाणा, ज्यात बी वन जवळजवळ नाहीच. अशा माणसाला नुसतं ग्लुकोज चढवलं की उरलासुरला बी वन पण त्यातच खर्च होतो आणि मार बसतो मेंदूला. वर्निके म्हणतात त्याला, पूर्वी दारूड्यांचा आजार म्हणून शिकवायचे. त्यात कायमची स्मरणशक्ती जाऊ शकते. सासूबाईंना मी एवढंच सांगितलं की चूल पेटवायची तर नुसतं लाकूड रचून भागत नाही, काडी लागते, आपल्याकडे काडीच संपलीय. त्यांना लगेच कळलं, मुलालाच ओरडल्या, गप बस म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन दिसायचं बरंच कमी झालं होतं. डोळे लवकर सुधारतात, चालायला वेळ लागतो. जरा स्थिर झाल्यावर एंडोस्कोपी झाली. साधी दुर्बीण ९-१० मिलिमीटर जाडीची असते, ती जोडातून पुढे जाईचना. फुग्याने हळूहळू रुंद केलं, एकदम नाही करत, फाटायची भीती असते, म्हणून थोड्या दिवसांनी परत एकदा. ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनशीही फोनवर बोलणं झालं.

मग आलं माझं काम. त्यांच्या फाईलीत एक छापील डायट चार्ट होता, रंगीत, गुळगुळीत, त्यात अव्होकाडो, टोफू, ग्रीक योगर्ट. घरात दोन वेळ ज्वारी आणि शेंगा (शेंगदाणे) खाणाऱ्या लिंगायत बाईला हे देऊन काय होणार, मला असल्या चार्टचा रागच येतो. आम्ही परत पातळापासून सुरू केलं: ताक, गाळलेलं मुगाचं कढण, मग घोटलेलं वरण, कुस्करलेलं पनीर. दिवसाला ६० ग्रॅम तरी प्रोटीन पाहिजे, शाकाहारात एवढ्याशा पोटातून ते नुसत्या वरणाने होत नाही, म्हणून प्रोटीन पावडर, ती दुधात नाही, ताकात. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास थांबायचं. गोळ्यांचा वास नको तर चघळायच्या गोळ्या, बी ट्वेल्व्हचं इंजेक्शन, पण बंद काहीच करायचं नाही, आणि उलट्या दोनतीन दिवस थांबल्या नाहीत तर पेज देत घरी बसायचं नाही, सरळ यायचं.

नंतर एक गोष्ट झाली जी आपल्या सोलापूरकरांना आवडेल. ताजी मऊ पोळी त्यांना काही केल्या जाईना, गोळा होऊन छातीत बसायची, भाताचंपण तसंच. पण कडक भाकरीचा, म्हणजे पापडासारख्या वाळवलेल्या पातळ भाकरीचा तुकडा नीट चावून चावून खाल्ला की बिनतक्रार उतरतो. मऊ पावापेक्षा कडक भाजलेला टोस्ट अशा पेशंटना बरा जातो हे माहीत होतं, पण कडक भाकरी कुठल्या चार्टमध्ये येणार! सासूबाई खूश, म्हणाल्या, आमच्यात तर पोत्याने असते.

परवा येऊन गेल्या. स्वतः चालत, जिना चढून. तळपायाला मुंग्या अजून आहेत, त्या जायला महिने लागतील असं सर म्हणाले. दूध अजून चालत नाही, ताक चालतं, शेंगाचटणी चमचाभर चालते. सासूबाईंचा एकच हट्ट होता, पुढच्या संक्रांतीला शेंगापोळी द्यायची का. मी म्हटलं गूळ आहे, नको. त्या म्हणाल्या चतकोर. मी म्हटलं बोटभर, जेवणाच्या शेवटी, आणि घरात कुणीतरी शेजारी असताना. त्यांनी "बरं" म्हटलं खरं, पण त्या चतकोरच देणार हे सूनबाईंच्या हसण्यावरून कळत होतं.