दहा सेंटिमीटरची वाट

आज भाचीला घेऊन रत्नागिरीत जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धेला गेले होते. बाहेर पावसाची संततधार होती आणि आत पाच मीटर लांब, जेमतेम १० सेंटिमीटर रुंद बीमवर दहा-बारा वर्षांच्या मुली कोलांट्या घेत होत्या. ते पाहताना माझेच तळहात घामेजले. आमच्या शाळेत अशी साधने नव्हती, होता तो फक्त मल्लखांब.

भाची पडली, त्यापायी पूर्ण एक गुण गेला आणि तिच्याहून सोपी रचना करणारी मुलगी पुढे गेली, तेव्हा शेजारच्या पालकांनी पंचांना दोष द्यायला सुरुवात केली. मला ते पटले नाही. २००६ पासून आंतरराष्ट्रीय नियमांत काठिण्याचे गुण वेगळे धरले जातात, सादरीकरणाच्या दहा गुणांतून चुकांची वजावट होते आणि मग दोहोंची बेरीज होते. या हिशेबाची धग २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये आपण सोसली आहे: दीपा कर्माकरने प्रोडुनोव्हासारखी जोखमीची उडी घेऊन १५.०६६ गुण मिळवले, तरी कांस्यपदक ०.१५० गुणांनी हुकले.

माझा आग्रह इतकाच आहे की स्थानिक स्पर्धांतही केवळ एकूण गुण न पुकारता दोन्ही आकडे फलकावर लिहावेत, म्हणजे पडलेल्या मुलीला आपल्या रचनेचे मोल किती होते हे कळेल.

परतताना एसटीत भाचीने विचारले, "मावशी, सोमवारी सराव आहे ना?"