तुम्ही विचारलंत म्हणून: आयटीचं चौथं वर्ष करावं का?

"मॅडम, तीन वर्षांत डिग्री भेटते ना? मंग चौथं वर्ष कशाले?"

विचारणारे बहुतेक वेळा मुलीचे वडील असतात, कधी मामा. मी जळगाव जिल्ह्यात आयटी शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मला एसटी स्टँडवर गाठतो आणि लग्नाच्या पंगतीतही. पंगतीत नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे देते.

आधी हिशोब. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी, किमान १२० क्रेडिट (विषय पूर्ण केले की मिळणारे श्रेयांक) झाले की पदवी घेऊन बाहेर पडता येतं. चौथं वर्ष करून १६० केले की ऑनर्सची पदवी. ऑनर्सनंतर एमएस्सी एका वर्षात होते, तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन. म्हणजे एमएस्सी करायचीच असेल तर दोन्हीकडून पाचच वर्षं. एमसीएला, म्हणजे संगणकातल्या पदव्युत्तर पदवीला जायचं असेल तर तीन वर्षांची पदवी पुरते. सीईटी द्या आणि निघा. अमेरिकेचा विचार असेल तर तिथली बरीच विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात, तेव्हा चौथं वर्ष कामी येतं. आणि घराला पगार हवा असेल तर तिसऱ्या वर्षानंतर नोकरी धरावी, त्यात कसला कमीपणा? ऑनर्स केलं म्हणून पुण्यातली कंपनी जास्त पगार देईल, असं मी कुणालाच सांगत नाही.

पण पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के असतील तर 'ऑनर्स विथ रिसर्च' घेता येतं. त्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. माझा जीव अडकतो तो इथे.

आमच्याकडे तिसऱ्या वर्षाचे प्रोजेक्ट म्हणजे लायब्ररी मॅनेजमेंट, नाहीतर हॉस्पिटल मॅनेजमेंट. पैसे टाकले की रेडीमेडही मिळतात, बाइंडिंगसकट. त्यात रावेरकडची एक मुलगी केळीचे भाव घेऊन आली. जाहीर होणारा भाव आणि शेतात कटाईला प्रत्यक्ष मिळणारा भाव, यांतलं अंतर तिला मोजायचं होतं. या अंतरावरून रावेर-यावलच्या प्रत्येक पारावर शिव्या ऐकू येतात. सलग आकडे मात्र तिला कुणाकडेच मिळाले नाहीत.

वडिलांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून तिने मेसेज गोळा केले. एकात '१४५०', दुसऱ्यात 'चौदाशे पन्नास', तिसऱ्यात चिठ्ठीचा वाकडा फोटो. नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी असे केळीच्या मालाचे प्रकार, प्रत्येकाचा भाव निराळा, आणि काही मेसेजमध्ये माल कोणता तेच नाही. त्यावर कडी म्हणजे वह्या. वडिलांच्या वहीत तारीख कटाईची, काकांच्या वहीत पैसे हातात पडले त्या दिवसाची. दोन्ही एकाच रकान्यात टाकल्या की एका दिवसाचा भाव भलत्याच दिवसाच्या भावाशी ताडला जातो आणि नसलेलं अंतर दिसायला लागतं. हे तिचं तिलाच सापडलं, मला नाही. वह्या जुळवण्यातच सेमिस्टर संपलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "आउटपुट कुठंय?" मला राग आला, पण सरांचंही चुकलं नव्हतं, गुण देण्याच्या तक्त्यात 'तारखा जुळवल्या' असा रकाना कुठे असतो?

अशा मुलीला ते चौथं वर्ष द्या. तिच्याच वर्गातला एक मुलगा भुसावळच्या दुकानांना वेबसाइट करून देतो, महिन्याचा खर्च स्वतःचा स्वतः काढतो. त्याला मी सरळ म्हटलं, "दादा, तू कामाला लाग." आणि चौथ्या वर्षीही रेडीमेड प्रोजेक्टच आणायचा असेल तर ती फी वाचवलेली बरी.

फॉर्म भरण्याआधी विभागात एक चक्कर मारा. रिसर्चचं ऑनर्स सगळ्या कॉलेजांत नसतं, त्याला मान्यताप्राप्त गाइड लागतात. गाइड कोण, त्यांच्याकडे आधीच किती मुलं आहेत, लॅब दुपारनंतर उघडी असते का, हे तोंडावर विचारा. कुणी रागावत नाही. मुलगी गावाहून ये-जा करणार असेल तर शेवटच्या गाडीची वेळही बघून ठेवा. प्रकल्पाचं काम साडेचारला आटोपत नाही, आणि हॉस्टेलच्या जागा लवकर भरतात.