वायर नसलेलं पॅनल : आमची वाटचाल

आम्ही सुरुवात केली न्यूमॅटिक, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या, सिलेंडरच्या रिपेअरिंगपासून, सील बदलायचे, रॉड पॉलिश करायचा, टेस्ट करून परत द्यायचा. आता आम्ही मशीनचं कंट्रोल पॅनलही हवेवरच चालणारं बनवतो आणि त्यात वायर एकही नसते. दार उघडलं की नुसत्या ट्यूब, व्हॉल्व्ह आणि गेज. नवीन माणूस हमखास विचारतो, याचा प्लग कुठंय?

या लाइनमध्ये आणलं ते सॉल्व्हेंटच्या, म्हणजे पटकन पेट घेणाऱ्या द्रावकांच्या, कामाने. जिथं हवेत त्यांची वाफ भरलेली असते तिथं साधा स्विच दाबताना उडणारी ठिणगीसुद्धा पुरते, आतली ठिणगी बाहेर आग लावू देत नाही असा फ्लेमप्रूफ बॉक्स लावून वीज वापरता येते पण तो प्रकार जड आणि महाग. हवेवर चालणाऱ्या पॅनलमध्ये तो प्रश्नच येत नाही. शटल व्हॉल्व्हला दोनपैकी कुठूनही हवा आली तर तो पुढे सोडतो, म्हणजे झालं ‘किंवा’. टू प्रेशर व्हॉल्व्हला दोन्हीकडून लागते, ते ‘आणि’. टायमर पाहिजे? नीडल व्हॉल्व्हमधून छोटी टाकी हळूहळू भरायची, प्रेशर चढलं की पुढचा व्हॉल्व्ह पलटतो. बस, एवढ्यावर अख्खा सिक्वेन्स बसतो.

पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारे छोटे कॉम्प्युटर, आले तेव्हा सगळे म्हणाले आता तुमचं दुकान बंद. बरंचसं काम गेलंही, खोटं कशाला बोलू. पण सेफ्टीचं राहिलं. माझं सगळ्यात आवडतं म्हणजे फ्युजिबल प्लगची लाइन, प्रेशर भरलेली ट्यूब प्लँटभर फिरवायची, आग लागली की प्लग वितळतो, हवा निघून जाते आणि व्हॉल्व्ह चालवणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरची स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते. कुणी बटण दाबायची गरजच नाही. हवेवरच्या जुन्या इन्स्ट्रुमेंटचा सिग्नल पण ०.२ ते १ बार (दाबाचं एकक) असतो, शून्यापासून नाही, का तर शून्य दिसलं की समजायचं ट्यूब तुटली किंवा सप्लाय गेला!

आता नेहमीचा टोमणा, “कॉम्प्रेसर तर विजेवरच चालतो ना?” हो, बहुतेक ठिकाणी चालतो, पण तो लांब सेफ एरियात असतो, वीज गेली तरी रिसीव्हरमधल्या, म्हणजे साठवणीच्या टाकीतल्या, हवेवर मशीन स्ट्रोक पूर्ण करून नीट थांबवता येतं, आणि वीज नसलेल्या साइटवर डिझेल इंजिनचा कॉम्प्रेसर नाहीतर नायट्रोजनचे सिलेंडर लावतात. महाग मात्र आहेच, कॉम्प्रेसरला दिलेल्या एनर्जीतली साधारण १० ते १५ टक्केच कामाला येते, बाकी उष्णतेत आणि लीकेजमध्ये जाते. शिवाय लांब ट्यूबमध्ये सिग्नल रेंगाळतो. म्हणून जिथं धोका नाही तिथं आम्हीच सांगतो, सोलेनॉइड (विजेवरचा व्हॉल्व्ह) लावा, आमच्याकडे येऊ नका.

ड्रायर आणि फिल्टर नसेल तर आम्ही ऑर्डर घेत नाही. लाइनमध्ये पाणी आलं की व्हॉल्व्ह चिकटतात आणि शिव्या पॅनलवाल्याला पडतात.

सध्या हातपंपाने प्रेशर देता येईल असं हायड्रॉलिक, म्हणजे हवेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारं, पॅनल टेस्टवर आहे, तेल बाहेर येत नाही ना ते बघतोय.