डब्यातून भिंतीवर

आज कडक ऊन पडलं तसा दादाने नि मी वेंगुर्ल्याच्या घरचा माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली उतरवला. आत बिग फन बबलगमसोबत मिळायची ती क्रिकेटपटूंची कार्डं. 1987 चा वर्ल्ड कप आठवला. नागपूरला गावसकरचं वनडेतलं एकमेव शतक, त्याच मॅचला चेतन शर्माची हॅटट्रिक! दादाला अजून सगळं तोंडपाठ.

खाऱ्या, दमट हवेत कागद टिकवणं सोपं नाही. एका कार्डाचा कोपरा फुगून पापुद्रे सुटलेत, कडेला बुरशीचे तपकिरी ठिपके. फ्रेमवाला म्हणाला, लॅमिनेशन करूया. अजिबात नाही! ते पुन्हा निघत नाही. जुन्या अल्बममध्ये फोटोचे कोपरे अडकवायला असतात तशा फोटो कॉर्नरमध्ये कार्डं बसवली. काचेला टेकू नयेत म्हणून मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घातला, नाहीतर दमटपणाने ती काचेलाच चिकटतात. फ्रेम माजघरात लावली, कारण उन्हाने लाल-पिवळा रंग आधी उडतो आणि चेहरे निळसर पडतात.

अमेरिकेत बेसबॉलपटू मिकी मँटलचं 1952 चं कार्ड 2022 मध्ये 1.26 कोटी डॉलरला विकलं गेलं. आमची विकायची नाहीतच.

कुणाकडे अशी कार्डं असतील तर आधी प्लास्टिकच्या बंद पिशवीतून बाहेर काढा, आत ओल धरते. आणि फोटो नक्की टाका, कपिलचं कार्ड आम्ही अजून शोधतोय.