सुकाळातला तेरावा महिना

लहान मुले असलेल्या घराचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही आणि खरे पाहता पाडव्यालाही होत नाही. एका सणाची आवराआवर संपून दुसऱ्याची खरेदी जिथे सुरू होते, तिथून कुठूनही ते मोजावे. आमच्या नाशिकमध्ये ही साखळी जरा जास्तच लांब आहे. मुंबईची मुले धुळवडीलाच रंग खेळून मोकळी होतात. आमच्याकडे त्या दिवशी वीरांची मिरवणूक असते आणि रंगासाठी पोरांना रंगपंचमीपर्यंत थोपवून धरावे लागते. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जमिनीतले हौद, उघडल्या की तिथे उडी मारायला मिळावी म्हणून हट्ट सुरू होतो. मग पाडवा, मग रामनवमी, आणि रामनवमी पार पडली म्हणून निश्चिंत व्हावे तर कामदा एकादशीला काळारामाचा रथ निघतो. पुढे दहीहंडीला शाळेत कृष्ण पाठवायचा असतो, ज्याचे मोरपीस निघायच्या वेळी हमखास सापडत नाही. गणपती, नवरात्रातली कालिकेची यात्रा, दिवाळी, आणि या सगळ्यांच्या मध्ये पेरलेले सोसायटीतल्या मुलांचे वाढदिवस.

हे सारे मला आवडते, तेव्हा ही तक्रार समजू नये. पण या गर्दीत घरातल्या मोठ्या माणसांनी स्वतःपुरते जे काही ठरवलेले असते, ते ‘हा सण होऊन जाऊ दे’ या एका वाक्यावर वर्षभर पुढे सरकत राहते. माझ्या नवऱ्याला गोड खाणे आटोक्यात आणून सायकलने त्र्यंबकपर्यंत जाऊन यायचे आहे. मला मुक्त विद्यापीठातून एम. ए. पूर्ण करायचे आहे. यशवंतराव चव्हाणांच्या नावाचे हे विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले, ते आमच्याच गावात; गंगापूर धरणाकडे जाताना गोवर्धनला त्याचा परिसर लागतो. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद आहे. ज्ञानगंगा घरोघरी पोहोचते हे मी माझ्या घरावरून सांगू शकते. मात्र घरात शिरल्यावर तिला कोणत्या खोलीत आणि किती वाजता जागा करून द्यायची, हा प्रश्न विद्यापीठाच्या अखत्यारीतला नाही.

यंदा ही जागा पंचांगानेच करून दिली, असे मला वाटले. १७ मे ते १५ जून २०२६ हा अधिक ज्येष्ठ. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचे आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचे, त्यामुळे दर वर्षी अकरा दिवसांची तफावत पडते. ती साठत गेली की सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी असा एक चांद्र महिना येतो, ज्यात सूर्य एका राशीतून दुसरीत जातच नाही. संक्रांत नसलेला तो महिना अधिक धरायचा आणि त्याच नावाचा खरा, म्हणजे निज महिना त्यानंतर मोजायचा, अशी ही व्यवस्था आहे. एकोणीस वर्षांत असे सात महिने येतात. गेल्या वर्षी २७ ऑगस्टला बसलेले गणपती यंदा १४ सप्टेंबरला बसणार आहेत आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरवरून ८ नोव्हेंबरवर गेले आहे, ते यामुळेच.

दुष्काळात तेरावा महिना नको असतो, कारण धान्य बारा महिन्यांचेही पुरलेले नसते. मला न पुरणारी गोष्ट दिवस ही असल्यामुळे तेरावा महिना मला सुकाळच वाटला. अधिकात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. वटपौर्णिमा निज ज्येष्ठात, म्हणजे २९ जूनला. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघून गावातून जाते, तीही पुढच्याच महिन्यात. शिवाय शाळेला सुट्टी, म्हणजे डबे नाहीत आणि सकाळची धावपळ नाही. या महिन्याची गोष्टही मोठी सोयीची आहे: प्रत्येक महिन्याला एकेक देव धनी मिळाला, याला कोणीच मिळाला नाही, म्हणून तो रडत विष्णूकडे गेला आणि विष्णूने त्याला आपले पुरुषोत्तम हे नाव दिले. माझे म्हणणे इतकेच होते, की विष्णूने नाव दिले असले तरी दुपारचे दोन तास त्याने मला वापरू द्यावेत.

पहिल्याच आठवड्यात निफाडहून आईचा फोन आला. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलवायचे, त्यांना लक्ष्मी-नारायण मानून वाण द्यायचे, हे आमच्याकडे कोणी चुकवत नाही. ज्या माणसाने चैत्रापासून चहातही साखर बंद केली होती, त्याला पाटावर बसवून पुरण भरलेले धोंडे, वर तूप आणि तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे असा सरंजाम पुढे आला. तेहतीस देवांचे तेहतीस: आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य, प्रजापती आणि वषट्कार. अनारसेच का, तर त्यांना जाळी असते. या महिन्यात बत्तासे, म्हैसूरपाक अशा सच्छिद्र पदार्थांचे वाण देतात. ‘नारायणाला मधुमेह नसतो’ असे आई म्हणाली आणि विषय संपला.

अनारसे करताना आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. तांदूळ तीन दिवस भिजवलेले, त्यांचे पाणी रोज बदललेले, मग कपड्यावर सुकवून ओलसर असतानाच दळलेले, आणि गुळात मळून आठवडाभर मुरवलेले ते पीठ आईने डब्यातून काढले, तेव्हा त्याला एक आंबूस गोड वास होता. खसखशीवर बोटांनी थापलेली पुरी खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायची, उलटायची नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचे. तिसरा की चौथा अनारसा कढईतच पसरला, त्याच्या चिंध्या झाल्या, आणि आई म्हणाली, “हसला गं हा.” माझा साडेचार वर्षांचा धाकटा ओट्याजवळच्या स्टुलावर उभा होता. अनारसा हसतो हे कळल्यावर त्याला उरलेले सगळे अनारसे हसायला हवे होते आणि जो नीट जमेल त्याला तो “हा रुसला” म्हणत होता. रुसलेले तेहतीस वाणाला गेले, हसलेले आम्ही तिथेच उभ्या उभ्या खाल्ले. ते जास्त चांगले लागतात, हे माझे जुने मत आहे. त्या दिवशी अभ्यासाचे पुस्तक पिशवीतून बाहेर आले नाही, आणि ते का आणले होते असे कोणी विचारलेही नाही.

घरी परतल्यावर बाकीचे ओघानेच आले. रामकुंडावर स्नानाला म्हणून सासरचे नातलग येऊन राहिले, आणि सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेले रस्ते चुकवत त्यांना तिथवर नेऊन आणणे हा एकेका सकाळचा कार्यक्रम झाला. मे महिना असल्याने आमरस होताच. कोणाचाच नसलेला वेळ घरात फार काळ तसा राहत नाही. आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या पार्किंगमध्ये संध्याकाळपर्यंत कोणाची ना कोणाची स्कूटर येऊन लागतेच.

या सगळ्या गजबजाटात एका माणसाचा वेळ मात्र कोणी घेत नव्हते. माझ्या सासूबाई अधिक महिन्यात रोज पोथीचा एक अध्याय वाचतात. दुपारी चारला, चहाच्या आधी, देवघरासमोर चौरंग मांडतात, समई लावतात, चष्मा पुसतात आणि वाचायला बसतात. त्या वेळेत त्यांना कोणी हाक मारत नाही. नातवंडे मारत नाहीत, पाहुणे मारत नाहीत, फोन वाजला तर दुसरे कोणी घेते. एरवी ज्या बाईला जेवतानाही चार वेळा उठावे लागते, तिला तो पाऊण तास निर्विवाद मिळतो. ही मुभा त्यांनी कोणाकडे मागितलेली नाही. त्यांनी नुसती जागा, वेळ आणि दिवा ठरवून टाकला आहे, आणि पहिल्याच दिवशी पाण्याचा पळीभर संकल्प सोडताना घरातल्या सगळ्यांना समोर उभे केले आहे.

मी वर्षभर काय करत होते, ते यावरून माझे मलाच स्पष्ट झाले. मी उरलेल्या वेळात वाचत होते. मुले झोपल्यावर, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत, शिकवणीच्या दाराशी गाडीवर बसून. उरलेल्या वेळात वाचणाऱ्या माणसाला उठवायला कोणालाच अवघड वाटत नाही. आपल्याकडे बायकांनी चातुर्मासाचे नेम, सोळा सोमवार, लाख वाती असे जे काही स्वतःसाठी धरले, ते देवाच्या नावावर धरले, यामागे भक्ती होतीच. पण घरातल्यांना पुढे टाकता न येणारी वेळ मिळवण्याची ती चतुर युक्तीही होती, असे मला आता वाटते. सासूबाईंना हे बोलून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, “युक्ती कसली त्यात? वाचायचं म्हटलं की बसायचं.” त्यांचे आणि माझे यावर एकमत होणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी चारला त्यांच्या शेजारी सतरंजीवर स्वयंअध्ययनाचे पुस्तक घेऊन बसू लागले. समईच्या या बाजूला त्यांचा अध्याय, त्या बाजूला माझे प्रकरण. त्या ओठ हलवत वाचतात, मी पेन्सिलने खुणा करते. धाकट्याने पहिल्या दिवशी दोनदा येऊन पाहिले आणि बाहेर जाऊन पाहुण्यांना सांगितले, “आई आणि आजी पोथी वाचतायत, आत्ता जायचं नाही.” पुस्तकाच्या वेष्टनावर विद्यापीठाचे बोधचिन्ह आहे, हे त्याच्या लेखी पोथीच्या आड येत नव्हते. अध्याय संपल्यावर सासूबाई हात जोडतात आणि मग माझ्याकडे पाहून विचारतात, “तुझा झाला का?” झाला नसेल तर त्या चहाला थांबतात. एवढा मान मला माझ्या अभ्यासासाठी पूर्वी मिळालेला नव्हता आणि चहा उशिरा मिळाल्याबद्दल घरात कोणी ब्र काढला नाही. नवऱ्याने मात्र सायकलसाठी असे काही करून पाहावे असे सुचवल्यावर, त्र्यंबकरस्त्यावर समई कशी लावायची असे विचारून तो झोपायला गेला.

थोरलीने यातून वेगळाच बोध घेतला. तिचा जन्म २९ मे २०१८ चा, आणि तोही अधिक ज्येष्ठातला, पौर्णिमेचा. एरवी तिचा तिथीचा वाढदिवस आम्ही ज्येष्ठ पौर्णिमेला करतो. खऱ्या अधिक ज्येष्ठात तो जन्मानंतर यंदा प्रथमच आला. तारखेने शुक्रवारी, २९ मे रोजी, आणि तिथीने रविवारी, ३१ मे रोजी. सुट्टीतला वाढदिवस हे तिचे कायमचे दुःख आहे, कारण मैत्रिणी मामाच्या गावाला गेलेल्या असतात आणि शाळेत गोळ्या वाटता येत नाहीत. यंदा दोन दिवसांच्या अंतराने दोन वाढदिवस मिळाल्यावर तिने जुनी भरपाई वसूल केली. शुक्रवारी केक, फुगे आणि सोसायटीत उरलेली चार मुले. रविवारी सकाळी अभ्यंगस्नान, औक्षण, पाटाभोवती रांगोळी आणि आजीच्या हातचा शिरा. औक्षण करताना सासूबाईंनी तिला विचारले, की या वर्षी काय करणार. आठ वर्षांच्या मुलीला असा प्रश्न विचारला की ‘डॉक्टर’ असे उत्तर येते, अशी माझी समजूत होती. ती म्हणाली, “न थांबता तेहतीस दोरीच्या उड्या.” अधिक महिना असल्याने आकडा तिने आजीच्या हिशोबातून उचलला होता. संकल्प हवा म्हणून तिने पळीभर पाणीही मागून घेतले आणि ते सोडताना आम्हा सर्वांना समोर उभे केले.

तेव्हापासून पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी दोरी आपटल्याचा आवाज येतो. मोजायचे काम धाकट्याकडे आहे, आणि तो एकोणतीसनंतर थेट बत्तीस म्हणत असल्याने निकालाबद्दल वाद होतात. एकदा पायात दोरी अडकली ती सव्वीसला की एकोणतीसला, यावर दोघांचे भांडण तिसऱ्या मजल्यावर ऐकू आले. मृगाची पहिली सर आली त्या दिवशीही ती खाली गेली होती, आणि ‘आज राहू दे’ असे मी वरून ओरडले तेव्हा मान वर करून तिने मला विचारले, “तू वाचायचं राहू देतेस का?”

अधिक महिना आता संपत आला आहे. माझी दोन पुस्तके वाचून झाली आहेत, तिसरे अर्धे आहे आणि परीक्षा तोंडावर आहे. शाळा उघडल्यावर चार वाजताची वेळ टिकणार नाही, कारण ती बस येण्याची वेळ आहे. म्हणून निज ज्येष्ठात पहाटे पाचला बसायचे ठरवून मी तसे सर्वांसमक्ष जाहीर केले आहे. सासूबाईंनी समई तेव्हाही लावू असे सांगितले. पुढचा अधिक मास २०२९ साली येईल, तो चैत्रात, म्हणजे थोरलीच्या पाचवीच्या वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. त्या वर्षी दोन वाढदिवस मिळणार का, हे तिने पंचांग उघडून आजीकडून तपासून घेतले. तारखेचा आणि तिथीचा असे दोन दर वर्षी असतातच, ते लांब लांब येतात म्हणून आम्ही तिथीचा नुसत्या औक्षणावर भागवतो, ही गोष्ट त्या तपासणीत उघडकीला आली, आणि आता दोन्ही दिवशी केक हवा या मागणीवर वाटाघाटी चालू आहेत.