हाच सिनेमा का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

सोसायटीच्या गणपतीत मुलांचे नाच मी बसवते. तालमी सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी सगळ्या पोरांना आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसवते आणि ‘हेअरस्प्रे’ दाखवते. २००७ चा, इंग्रजी, गाण्यांनी गच्च भरलेला. मग कुणाची तरी आई विचारतेच, “ताई, दरवर्षी हाच का? आणि वर्णभेदासारखा विषय असा हसतखेळत दाखवायचा असतो का?”

पहिलं कारण माझं वजन. शाळेच्या गॅदरिंगला मी सलग तीन वर्षं कोळीगीतात होते आणि तिन्ही वर्षं मागच्या रांगेत, पुठ्ठ्याच्या नारळाशेजारी. तिसऱ्या वर्षी बाईंनी मला सरळ झाडामागेच उभं केलं. “तू तिथून टोपल्या पुढे दे.” स्टेप्स मला सगळ्यांच्या पाठ होत्या. पुढची एखादी चुकली की हळूच मान वळवून माझ्याकडेच बघायची.

सिनेमातली ट्रेसी अशीच गुटगुटीत. १९६२ चं अमेरिकेतलं बाल्टिमोर शहर. शाळेची बस चुकली म्हणून ही बया कचऱ्याच्या गाडीच्या टपावर उभी राहून गात शाळेत जाते. टीव्हीवर पोरांच्या नाचाचा कार्यक्रम असतो, तिला त्यात जायचंय आणि तिचं रूप बघूनच तिला वाटेला लावतात. नवा नाच ती शिकते तो शाळेत शिक्षा म्हणून बसवतात त्या खोलीत, काळ्या मुलांकडून. त्या मुलांना कार्यक्रमात महिन्याचा एकच दिवस, बाकी सगळे दिवस गोऱ्यांचे. तिथून गोष्ट तिच्या हौसेची राहत नाही.

एक तक्रार आहे माझी. जाड असणं आणि काळं असणं यांना हा सिनेमा मधूनमधून एकाच तराजूत घालतो. मला झाडामागे उभं केलं, पण शाळेच्या दारातून कुणी परत पाठवलं नव्हतं. मात्र काळ्यांच्या हक्कांसाठीच्या मोर्च्याच्या वेळी गायिका-नटी क्वीन लतीफा गायला लागते तेव्हा सिनेमा हसायचा थांबतो, आणि शेवटी कार्यक्रमातल्या स्पर्धेचा मुकुट जातो तो ट्रेसीला नाही, छोट्या काळ्या इनेझला. म्हणून मी फार ताणत नाही.

ट्रेसीची आई एडना झालाय जॉन ट्रॅव्होल्टा. ती कपडे धुवून-इस्त्री करून देते आणि लोक काय म्हणतील म्हणून वर्षानुवर्षं घराबाहेर पडलेली नाही. ही भूमिका पुरुषानेच करायची, अशी जणू रीतच पडली आहे. जॉन वॉटर्सच्या १९८८ च्या मूळ सिनेमात डिव्हाइन नावाचा नट होता, २००२ साली ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलेल्या संगीत नाटकात, हार्वी फायरस्टीन. पोरं खिदळतात, “ए, हा बाप्या आहे!” मी त्यांना बालगंधर्वांचे फोटो दाखवते. त्यांच्या नेसण्याची नक्कल घरोघरच्या बायका करायच्या. आपलं ‘अशी ही बनवाबनवी’ही १९८८ चंच, पण तिथे सगळी गंमत सोंग कधी उघडं पडतंय याची. इथे उघडं पडायला काहीच नाही. एडना बाई आहे, आई आहे, नवरा तिच्यावर लट्टू आहे. पंधरा मिनिटांत पोरं विसरतात की तो बाप्या आहे.

हसतखेळत का, तर विषयच मुळी नाचाचा आहे. कुणी कुणाबरोबर नाचायचं यावरून एका शहरात खरंच भांडण झालं होतं. सिनेमातल्या कार्यक्रमामागे बाल्टिमोरचाच ‘बडी डीन शो’ आहे. १९५७ पासून चालू, आणि तिथेही काळ्या मुलांचा दिवस वेगळा. ऑगस्ट १९६३ मध्ये काळी आणि गोरी मुलं ठरवून एकत्र आत शिरली आणि कॅमेऱ्यासमोर नाचली. सिनेमात अशा वेळी सगळे एकत्र नाचतात, कागदी फिती उडतात. खऱ्या गोष्टीत मुलांना एकत्र नाचू द्यायला वाहिनी तयार झाली नाही आणि जानेवारी १९६४ मध्ये कार्यक्रमच बंद पडला.

हे मी सिनेमा संपल्यावर सांगते, आधी नाही. गेल्या वर्षी दुसरीतला एक मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे गोऱ्या मुलांचा पण नाच गेला?”

“हो.”

“येडेच आहेत.”

आणि लगेच, “शेवटचं गाणं परत लावा ना.” लावलं. त्यावर अठरा पोरं जे करतात त्याला नाच म्हणायला धाडस लागतं. तिसऱ्या मिनिटाला खालच्या मजल्यावरच्या काकांनी बेल वाजवली. तेही दरवर्षीचंच.