शहामृगाच्या अंड्याचे मणी, अपडेट ४: पहिले अकरा झाले!

मंडळी, अश्मयुगातल्या माणसांसारखे अंड्याच्या कवचाचे मणी हाताने करून बघतेय, आणि मागच्या अपडेटला एमूच्या कवचावर अडकले होते. ते पातळ, भोक पाडता पाडता चारातले तीन तुकडे तडकायचे. आता एका ओळखीच्यांकडून शहामृगाचं रिकामं अंडं मिळालंय आणि फरक काय सांगू, जवळजवळ दोन मिलिमीटर जाड, चिनी मातीच्या कपासारखं टणक.

भोकासाठी गारगोटीची टोकदार कपची काडीला डिंकाने बसवली, नि ताकाची रवी फिरवतात तशी दोन्ही तळव्यांत फिरवत राहिले. आधी आतल्या बाजूने, निम्म्यावर आलं की उलटून बाहेरून. एका भोकाला वीसेक मिनिटं. मग सगळे तुकडे दोऱ्यात गच्च ओवून आजीच्या जुन्या पाट्यावर पाणी घालून घासले, पांढरं दूध निघतं नुसतं! दोन संध्याकाळी गेल्या त्यात.

हे खूळ डोक्यात शिरलं ते पाटण्यामुळे. चाळीसगाव तालुक्यातल्या या गावी पुरातत्त्वज्ञ एस. ए. साली यांनी १९७०च्या दशकात उत्खनन केलं, त्यात शहामृगाच्या कवचाचे मणी आणि आडव्यातिडव्या रेघा कोरलेला एक तुकडा सापडला, साधारण २५ हजार वर्षांपूर्वीचा. आज पावसाळ्यात पाटणादेवीला गेलं की सगळं हिरवंगार, धबधबे, आणि तिथे शहामृग? पण तेव्हा हिमयुग ऐन भरात येत होतं, मान्सून दुबळा झालेला, म्हणजे मोकळी कोरडी गवताळ रानं, शहामृगाला हवी तशी. तो पक्षी त्याच्याही आधीपासून इथे होता, अशा रानांत टिकून राहिला आणि म्हणून ते मणी.

आता माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट. कॅलिपरने मोजलं तर घासण्याआधी एकाचं माप दुसऱ्याशी जुळत नव्हतं, घासल्यावर अकराच्या अकरा साडेसहा ते सात मिलिमीटर. म्हणजे माप कवच ठरवत नाही, घासणारा ठरवतो, कुठे थांबायचं ते हाताला शिकवलेलं असतं. आणि इथे मला जेनिफर मिलर आणि यिमिंग वांग या संशोधकांचा २०२२चा अभ्यास खऱ्या अर्थाने कळला. त्यांनी आफ्रिकेतल्या ३१ ठिकाणचे दीड हजारांवर मणी मोजले, तर ५० ते ३३ हजार वर्षांपूर्वी पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत, तीन हजार किलोमीटर अंतर असूनही, मणी जवळपास सारखेच! हे आपोआप होत नाही हो, कुणीतरी कुणाचा तरी मणी हातात घेऊन बघितलेला असणार, माणसं एकमेकांना भेटत असणार.

मग ३३ हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराला हे नातं तुटलं. त्यांचं म्हणणं असं की पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकला, दोन्हींच्या मधल्या झांबेझी नदीच्या खोऱ्यात पुराचं पाणी वाढलं आणि मधली वाट बंद झाली. दक्षिणेत तर पुढे कित्येक हजार वर्षं मणीच दिसत नाहीत, आणि जेव्हा परत दिसतात तेव्हा ते लहान असतात, पूर्वेकडे मात्र मोठेच चालू राहिले. वाचलं होतं आधीही, पण पाट्यावर बोटं सोलवटून घेतल्यावर पोटात कालवलं, एक अख्खी सवय हातातून हातात जायची थांबली.

पुढच्या वेळी भावाला माझा मणी न दाखवता त्याच्याकडून दहा करून घेणार आणि मग माझा हातात देऊन आणखी दहा. दोन्हींची मापं इथे टाकते. कुणाकडे कवचाचे तुकडे असतील तर तुम्हीही करा, फक्त आधी कुणाचं माप बघू नका.